माउस आपोआप हलतो तेव्हा: घरबसल्या कॉम्प्युटर-मदतीचा व्यवसाय आखताना

फोनवरचा माणूस गोड आवाजात सांगतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, मी इथूनच दुरुस्त करतो. एवढं सॉफ्टवेअर उघडा आणि त्यात आलेला नंबर मला वाचून दाखवा." मग स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागतो, खिडक्या उघडतात, मिटतात, आणि शेवटी पैशांचा विषय निघतो.

हे वर्णन ठगाचं आहे. गंमत अशी की तुम्ही जो व्यवसाय काढायचं म्हणताय, घरी बसून लोकांचे कॉम्प्युटर दूरून दुरुस्त करण्याचा, त्याचंही वर्णन जवळपास हेच आहे. समोरच्या माणसाला, ज्याला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, तुमच्यात आणि ठगात फरक दिसायला काही जागाच नसते. म्हणून नाव काय ठेवायचं, वेबसाइट कशी करायची, या गोष्टी नंतरच्या. आधी हे डोक्यात पक्कं करा की आपला प्रत्येक नियम, दर, फोनवरचं बोलणं आणि पैसे घेण्याची रीत या एका अडचणीभोवती आखायची आहे.

आधी दहा जणांना फुकट मदत करा, हातात वही घेऊन

नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांचे आईवडील असे दहा जण गाठा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: त्यांनी तक्रार कोणत्या शब्दांत सांगितली, खरी अडचण काय निघाली, आणि एकूण किती मिनिटं गेली. फोनवरच्या गप्पाही धरा. दहा नोंदी झाल्या की तुम्हाला तुमचा व्यवसाय दिसायला लागेल, आणि तो तुम्ही कल्पना केली होती त्याहून बराच साधा असेल.

काही नमुने सांगतो. "मेल यायचे बंद झाले" म्हणजे बहुतेकदा गूगलच्या खात्यातली फुकटची १५ जीबी जागा भरलेली असते. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही तीत मोजले जातात, त्यामुळे वर्षानुवर्षं बिनधास्त फोटो साठवणारा माणूस एक दिवस मेलवर अडतो. त्याला दोन्हींचा संबंध लागणं शक्यच नाही.

"व्हायरस आलाय, कोपऱ्यात सारख्या सूचना येतात" ही दुसरी नेहमीची तक्रार. दहातल्या बऱ्याच वेळा व्हायरस वगैरे काही नसतो. कुठल्या तरी वेबसाइटने "सूचना पाठवू का?" असं विचारलेलं असतं आणि माणसाने घाईत "हो" दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की दोन मिनिटांत शांतता. ठग याच दोन मिनिटांच्या कामाचे भरमसाट पैसे उकळतात. तुम्ही काय करणार, हे आत्ताच ठरवा. मी अशा कामाचे किमान शुल्क घेतो आणि परवानगी कुठून काढली ते दाखवून ठेवतो.

"कॉम्प्युटर फार हळू चालतो" यात मात्र दूरून करण्यासारखं थोडंच असतं. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम विंडोजच्या टास्क मॅनेजर नावाच्या खिडकीतून बंद करता येतात, डिस्क भरली असेल तर रिकामी करता येते. पण आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर खरा उपाय एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणं हाच, आणि ते काम पेचकस हातात असलेल्या माणसाचं. तसा एक भरवशाचा दुरुस्तीवाला जोडून ठेवा. तोही तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवेल, कारण फोनवर तासभर पासवर्ड शोधत बसायला त्याला वेळ नसतो.

आणखी एक मोठा गट आहे: विंडोज १० वाले. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. ज्यांचं मशीन विंडोज ११ ला चालत नाही अशा लोकांना "आता काय करू?" याचं सरळ उत्तर हवं असतं. विकायला काही नसलेला माणूस ते उत्तर देऊ शकतो, म्हणून तुम्ही स्वतः मशीन विकू नका, असं माझं मत आहे.

काय करणार नाही, हे आधी लिहा

ही यादी सेवांच्या यादीहून महत्त्वाची. माझी अशी आहे: बँकेचं पान उघडं असताना मी स्क्रीन बघत नाही. चोरीचं सॉफ्टवेअर बसवत नाही. कार्यालयांचं नेटवर्क हाताळत नाही. आणि दुसऱ्याचं खातं किंवा फोन उघडून देत नाही. या शेवटच्या बाबतीत ठाम राहा. "बायकोचा पासवर्ड ती विसरली आहे" असं सांगणारा नवरा खरं बोलत असेलही, पण मग बायकोलाच फोनवर येऊ दे. घरातल्या घरात पाळत ठेवण्यासाठी तुमचा वापर होऊ शकतो आणि पहिल्या फोनवर ते ओळखू येत नाही.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि त्यात एकमेव प्रत असलेले फोटो आहेत, असा फोन आला तर एकच सल्ला: मशीन लगेच बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका, आणि डेटा परत मिळवण्याचंच काम करणाऱ्याकडे न्या. तिथे हुशारी दाखवायला गेलात तर उरलेलंही जाईल.

साधनं

विंडोज १० आणि ११ मध्ये क्विक असिस्ट असतं, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दूरून बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. नसलं तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून मिळतं. कंट्रोल, विंडोजचं बटण आणि क्यू एकत्र दाबलं की उघडतं. मदत करणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जावं लागतं, गिऱ्हाइकाला नाही. तुम्ही दिलेला कोड दहा मिनिटं चालतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला चष्मा सापडल्यावरच कोड काढा. सोय चांगली आहे म्हणून ठगांनाही ती आवडते; मायक्रोसॉफ्टनेच मे २०२४ मध्ये तसा इशारा दिला होता.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही याच कामाची दुसरी सॉफ्टवेअर खाजगी वापराला फुकट आहेत. तुम्ही पैसे घेणार म्हणजे तुमचा वापर व्यावसायिक, त्याचं लायसन्स घ्यावं लागतं. फुकटच्या आवृत्तीवर धंदा चालवाल तर एखाद्या कामाच्या ऐन मध्यावर जोडणी तुटेल आणि स्क्रीनवर व्यावसायिक वापराचा संशय असल्याची सूचना येईल, तीही गिऱ्हाइकाच्या देखत. रस्टडेस्क हा मुक्त स्रोत पर्याय आहे. तो स्वतःच्या सर्व्हरवरून चालवता येतो, पण सर्व्हर सांभाळायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

तीन ठिकाणी नवा माणूस हमखास अडतो. एक, विंडोज जेव्हा "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?" असं विचारतं, तेव्हा क्विक असिस्टमध्ये तुमच्याकडची स्क्रीन काळी पडते. पलीकडे प्रश्न दिसत असतो, तुम्हाला नाही. आधीच सांगून ठेवा: "आता एक प्रश्न येईल, तो मला वाचून दाखवा, मग हो म्हणा." दोन, मॅकवर दूरून काम करायला स्क्रीन दाखवण्याची आणि माउस-कीबोर्ड वापरू देण्याची अशा वेगवेगळ्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन द्याव्या लागतात, आणि त्या गिऱ्हाइकालाच द्याव्या लागतात. त्याची दहा-पंधरा मिनिटं जमेस धरा. तीन, आयफोनची स्क्रीन तुम्ही बघू शकता, या साधनांनी ती चालवू शकत नाही. तिथे फक्त तोंडी सांगणं. म्हणजे मोबाइलची कामं घेणार असाल तर संयमाचा साठा दुप्पट.

तुमचं स्वतःचं मशीन हे आता अनेक घरांचं कुलूप आहे. त्याच्यावर घरातली मुलं खेळ खेळत असतील तर कामासाठी वेगळं मशीन घ्या. प्रत्येक खात्याला द्विस्तरीय पडताळणी, पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी. हेडसेटवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कॅमेऱ्यावर नको.

ठगापेक्षा वेगळे कसे दिसाल

हे खरं काम. मी जे नियम पाळतो ते गिऱ्हाइकालाही पहिल्याच दिवशी लिहून देतो, म्हणजे मी चुकलो तर तोच मला पकडेल.

मी आपणहून फोन करत नाही. मदतीची मागणी नेहमी त्यांच्याकडून यायला हवी. माझ्या नावाने अचानक फोन आला तर कापायचा आणि त्यांच्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरवर मला उलट फोन करायचा.

माउस हातात घेण्यापूर्वी, तो परत कसा काढून घ्यायचा ते शिकवतो. जोडणी बंद करायचं बटण कुठे आहे ते दाखवतो आणि एकदा खरोखर बंद करायला लावतो. मग पुन्हा जोडतो. यात तीन मिनिटं जातात, पण त्यानंतर त्यांच्या आवाजातला ताण उतरलेला ऐकू येतो.

काम करताना तोंड बंद ठेवत नाही. "आता मी सेटिंग उघडतोय, आता ही जुनी परवानगी काढतोय" असं समालोचन चालू. उठून गेलेत असं वाटलं तर हात थांबवतो. कोणाचंही खाजगी पत्र, फोटो समोर आला तर खिडकी त्यांनाच बंद करायला सांगतो.

पासवर्ड विचारत नाही, ओटीपी तर नाहीच. टाइप करायची वेळ आली की ते त्यांनी करायचं आणि मी तोंड फिरवलंय असं सांगायचं. तसंही अक्षरांच्या जागी ठिपकेच दिसतात.

घाबरवत नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. ती उघडली की धडधाकट मशीनवरही लाल-पिवळी चिन्हं दिसतात, आणि ठगांचं हे आवडतं दृश्य आहे. तुम्हाला कामासाठी ती उघडावी लागली तर आधीच सांगा की हे सगळ्यांकडे असंच दिसतं.

काम संपलं की जोडणीचं सॉफ्टवेअर काढून टाकतो. "पुढच्या वेळी पटकन येता येईल" म्हणून कायमची दारं उघडी ठेवायचा मोह होईल, तो टाळा. पैसे काम झाल्यावर, बिलावर. गिफ्ट कार्डचे नंबर मागणारा ठगच, हे माझ्या नियमांच्या कागदावर शेवटी लिहिलेलं आहे.

फोनवरची भाषा

"ब्राउझर उघडा" हे वाक्य विसरा. "तुम्ही इंटरनेट बघायला रोज कशावर दाबता?" असं विचारा आणि त्यांनी जो शब्द वापरला तोच पुढे वापरा, मग तो "गूगल" असो की "ते गोल रंगीत". विंडोजचं बटण म्हणजे "खालच्या ओळीत डावीकडे, चार चौकोनांचं चित्र असलेलं". राइट क्लिक म्हणजे "माउसचं उजव्या हाताकडचं बटण, एकदाच".

सूचना द्यायच्या आधी नेहमी एक वाक्य: "स्क्रीनवर आत्ता काय लिहिलंय ते वाचून दाखवा." लोक वाचत नाहीत, सांगतात. "एरर येतोय" म्हणतात. तो एरर काय आहे हे त्यांनाही तोंडाने वाचल्यावरच कळतं, आणि पुष्कळदा "प्रिंटरमध्ये कागद नाही" इतकंच असतं.

माझी एक चूक सांगतो. एका काकूंचा ब्राउझर अडखळत होता. साठेक टॅब उघडे होते, इतके की नावं दिसेनाशी झालेली. मी म्हटलं, "हे बंद करूया, हलकं होईल," त्या "बरं" म्हणाल्या, मी बंद केले. क्षणभर शांतता, मग हळू आवाजात, "त्यात माझं सगळं होतं हो." वाचायचे लेख, विणकामाचे नमुने, डॉक्टरांच्या वेळेचं पान, टॅब हीच त्यांची वही होती. कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबत आणि हिस्टरीतून शोधत बहुतेक परत आणले. त्यांच्या "बरं"चा अर्थ "मला कळलं" असा नव्हता, "तुम्हाला जास्त कळतं" असा होता. तेव्हापासून काहीही बंद करण्याआधी किंवा पुसण्याआधी मी विचारतो, "हे गेलं तर तुमचं काय अडेल?"

दर

तासावर दर लावला तर गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं आणि प्रश्न विचारायचं टाळतं. कामावर ठरावीक दर लावला तर एखादा प्रिंटर तुमची संध्याकाळ खातो. मी मधली वाट घेतली: पहिल्या अर्ध्या तासाचा ठरावीक दर, पुढे पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे, आणि टप्पा ओलांडण्याआधी विचारणं. काम झालं नाही तर पैसे नाहीत, पण "दुरुस्त होणार नाही, नवीन घ्या" हे निदानसुद्धा काम आहे, एवढं आधी स्पष्ट केलेलं.

आकडा काढताना वही उघडा. चाळीस मिनिटांच्या दुरुस्तीमागे आधीचे फोन, वेळ ठरवणं, नंतरची नोंद आणि बिल मिळून आणखी वीस-पंचवीस मिनिटं जातात. आठ तासांच्या दिवसात पैसे मिळणारे तास चारच निघतील असं धरून चाला. महिन्याला लागणारी रक्कम, तीत कर, लायसन्स, विमा आणि आजारपणाचे दिवस मिळवा, आणि त्या चारांच्या हिशोबाने भागा. आकडा बघून पहिल्यांदा लाज वाटते. ती गिळा.

वार्षिक वर्गणीची योजना पहिल्या सहा महिन्यांत आणू नका. कोण महिन्यातून एकदा फोन करेल आणि कोण रोज, हे तोवर कळत नाही.

गिऱ्हाईक कुठून येणार

इथे नवख्यांना धक्का बसतो. जाहिरात देऊन हे काम मिळवायचा रस्ता जवळपास बंद आहे. ठगांच्या उच्छादामुळे बिंगने मे २०१६ मध्ये, आणि गूगलने ३१ ऑगस्ट २०१८ च्या घोषणेनंतर, त्रयस्थांकडून सामान्य ग्राहकांना मिळणाऱ्या अशा तांत्रिक मदतीच्या जाहिराती बंद केल्या. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी त्या यादीत येता. जाहिरातीसाठी राखलेले पैसे हेडसेटवर घाला.

मग उरतं ओळखीचं तोंड. वाचनालयं, ज्येष्ठांचे गट, सोसायट्या इथे "ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी" यावर तासभर बोला, फुकट, काहीही न विकता. शेवटी नियमांचा तो कागद वाटा. फोन आठवडाभराने येतात, आणि येतात ते "तुम्ही म्हणाला होतात तसंच काहीतरी आलंय" असे.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे दूर राहणारी मुलं. पैसे मुलगा देतो, कॉम्प्युटर आईचा. इथे संमती आईचीच घ्यायची, आणि तिने काय विचारलं याचा अहवाल मुलाला द्यायचा नाही. बिलावर "मेलची जागा मोकळी केली" एवढंच. एका मुलाने मला "आई दिवसभर काय बघते ते जरा सांगा" असं विचारलं होतं. त्या घरचं काम मी सोडलं.

कागदपत्रं आणि बॅकअप

व्यवसायाची नोंदणी, कर, आणि लोकांच्या माहितीबाबतचे नियम ज्या त्या ठिकाणचे असतात. एकदा हिशोबनीसाकडे बसून घ्या. कामात झालेल्या चुकीच्या भरपाईचा विमा मिळत असेल तर घ्या. एका पानाचा करार मोठ्या अक्षरात: मी काय करीन, काय करणार नाही, दर, तक्रार कशी करायची. नोंदी ठेवा, पण तारीख, अडचण, केलेला बदल एवढ्याच. स्क्रीनचे फोटो कामानंतर पुसून टाका.

आणि कशालाही हात लावण्याआधी विचारा, "याची दुसरी प्रत कुठे आहे?" तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम बहुतेक घरांत पहिल्याच आकड्यावर अडतो. विंडोज ११ च्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते का, हे बदलाआधी तपासा. नंतर तपासायची संधी मिळेलच असं नाही.

पहिला महिना

दिवसाला दोनच कामं घ्या, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. काम टिकलं का हे बघायला दोन दिवसांनी विचारपूस करावीशी वाटेल, पण आपणहून फोन न करण्याचा नियम तुम्हीच घातलाय. त्यामुळे काम संपतानाच वार आणि वेळ ठरवून त्यांच्या कॅलेंडरवर लिहायला लावा, आणि सांगा की त्या वेळेखेरीज आलेला फोन माझ्या आवाजात असला तरी घ्यायचा नाही.

टॅबवाल्या काकूंना मी असाच गुरुवार सकाळी अकराचा वेळ दिला होता. हातातलं काम लवकर आटपलं म्हणून साडेदहालाच फोन लावला. त्यांनी उचलला, माझं "नमस्कार" ऐकलं आणि कापला. अकरा वाजता पुन्हा लावला तर पहिल्या रिंगला उचलून म्हणाल्या, "मघाशी कोणीतरी अगदी तुमच्यासारखं बोलत होतं."